हे दगड कशाचे?



इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून आले तेव्हा नदीच्या पात्रातून बारा दगड खांद्यावर वाहून आणण्यात आले. प्रत्येक वंशाचा एक माणूस, एक दगड. यहोशवाने ते मुक्कामाच्या जागी उभे केले. पुढे मुले विचारतील, हे दगड कशाचे? मग वडीलधाऱ्यांनी त्यांना सांगायचे (यहोशवा, अध्याय ४). दगड स्वतः बोलत नाहीत. कोणी तरी विचारावे लागते, आणि सांगणारा हयात असावा लागतो.

आपल्या वसईत दगडांना तोटा नाही. किल्ल्यात पडकी चर्चेस आहेत. १७३९ साली मराठ्यांनी तो किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला, त्याची हकिकत दोन्ही पक्षांनी लिहून ठेवली आहे. १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर प्राण देणारे आपले संत गोन्सालो गार्सिया जगाला ठाऊक आहेत. पण पहाटे रहाट हाकणारा आपला आजोबा, पानवेलीची मशागत करणारी माणसे, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन मुंबईची गाडी पकडणारी आपली आजी? त्यांचे नाव चर्चच्या नोंदवहीत आहे. स्नानसंस्कार, लग्न, मरण. एवढेच.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील तरुण मुले-मुली पावसाळ्यापासून घरोघरी जाऊन वृद्धांच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करीत आहेत. आम्ही त्यांच्यासोबत जातो. एका आजोबांकडे मात्र आम्ही तीनदा 'पुढच्या रविवारी नक्की येतो' असे म्हणालो. लहानपणी ते वेदीसेवक होते. लातिन मिस्सेची उत्तरे त्यांना अखेरपर्यंत तोंडपाठ होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा गावाला काय वाटले, हे ते सांगणार होते. चौथ्यांदा आम्ही त्यांच्या घरी गेलो ते मयताला. त्या दिवशी अंगणात उभे राहून आम्हांला आमचीच लाज वाटली.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आठवण सांगता सांगता माणसे एकदम थांबतात. 'हे नका लिहू,' म्हणतात. भावाभावांत वाटणीवरून पडलेली भिंत. बावखल बुजवून विकलेली जागा. अमुक लोकांना आमच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, ही गोष्ट. (ज्यांना भरू दिले नाही त्यांच्या घरी ती फार स्पष्ट आठवते, हेही आम्ही ऐकले.) संत मत्तयने प्रभू येशूची वंशावळ लिहिली, तेव्हा त्यात तामार, राहाब आणि परक्या मवाबातली रूथ आहेत. शलमोनाच्या आईचे नाव न घेता तो तिला उरियाची बायको म्हणतो. म्हणजे दाविदाचे पाप त्याने प्रभूच्या घराण्याच्या यादीतच ठेवले! आपल्या घराण्याची यादी त्याहून स्वच्छ असल्याचे दाखवण्याची गरज आम्हांला तरी दिसत नाही. तरीही कोणाचे खासगी दुःख परवानगीशिवाय छापले जाणार नाही. काय ठेवायचे हे सांगणाऱ्याने ठरवावे. मात्र गावाला शोभत नाही म्हणून आम्ही काही खोडणार नाही.

ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची माणसे आहेत, त्यांनी आज मिस्सेनंतर मुलांकडे नाव द्यावे. आजारी असतील तर आधी त्यांच्याकडे येऊ. आपल्या बोलीतच बोलू द्या, शुद्ध मराठीचा आग्रह धरू नका. मुलांनी मोबाइल समोर ठेवून गप्प बसू नये, प्रश्न विचारावेत; नातवाने विचारले की आजी जास्त सांगते, असा आमचा अनुभव आहे. जुने फोटो असल्यास आणा, ते स्कॅन करून त्याच दिवशी परत मिळतील. मागे माणसांची नावे लिहा, पण पेन्सिलीने आणि हलक्या हाताने. पेनाची शाई फुटते.