पाण्याखालचं परसू



ह्या वेळच्या पत्रात घरातलीच एक गोष्ट लिहिते आहे. गोष्ट साधी आहे, पण मनातून जात नाही.

मार्गशीर्षात माझा पुतण्या पुण्याहून आमच्याकडे रामनगरला आला होता. त्याला धावण्याची भारी आवड. हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, दोनदा धावलाय. आल्या आल्या म्हणाला, "काकू, धावायला एखादा छान रूट सांग ना. डोंगर हवा, जंगल हवं आणि पाणीपण दिसायला हवं."

मला हसूच आलं. म्हटलं, अरे, आमच्या जोयडा तालुक्यात ह्या तीन गोष्टी सोडून दुसरं आहे काय? जोयड्याहून अणशीकडे जा, चढ-उतार आणि दोन्ही बाजूंनी झाडी. उळवीच्या रस्त्याला जा, तसंच रान. पाणी हवं असेल तर गणेशगुडीच्या बाजूला जा, सुपा धरणाचं पाणी डोंगरांच्या मधून पसरलेलं दिसेल. फक्त उजाडल्याशिवाय निघू नकोस आणि डांबरी रस्ता सोडून रानवाटेला वळू नकोस. हा काळी व्याघ्र प्रकल्प आहे. वाघ, बिबटे, अस्वलं, गवे सगळे आहेत. परवानगीशिवाय आत जायचं नाही. आणि पळणारा माणूस कुठला, पळणारं भेकर कुठलं, हे जनावराने ओळखावं अशी अपेक्षा आपण का करायची?

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गणेशगुडीकडे गेला, १२ किलोमीटर धावून आला. चेहरा नुसता फुललेला. मोबाईलवर नकाशा दाखवला, धुक्यातून वर येणाऱ्या पाण्याचे फोटो दाखवले. "धनेश पक्षी दिसला काकू! आणि काय तो तलाव! एवढा सुंदर तलाव जवळ असून तुम्ही कधी जात कसे नाही?"

माझ्या सासूबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तलाव नव्हे तो. तिथं आमचं परसू होतं."

घरात एकदम शांतता झाली.

तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. काळी नदी आमच्याच तालुक्यात डिग्गीला उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. काळी आणि पांढरी ह्या दोन नद्यांच्या संगमावर सुपा नावाचं गाव होतं. तालुक्याचं ठाणं तेच. तालुकाही सुपा तालुका म्हणूनच ओळखला जायचा. मग १०१ मीटर उंचीचं धरण झालं आणि १९८०च्या दशकात गाव पाण्याखाली गेलं. ठाणं जोयड्याला आलं. उठलेली कितीतरी कुटुंबं रामनगरला वसवली गेली, त्यातलंच आमचं एक. माझ्या पुतण्याचे वडील, म्हणजे माझे दीर, त्याच गावात जन्मले. नोकरीसाठी पुण्याला गेले आणि मुलाला कधी काही सांगायचं राहूनच गेलं. म्हणजे हा मुलगा आपल्याच आजोबांच्या घराजवळ धावून आला होता आणि त्याला पत्ताच नव्हता!

संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "काकू, मग मी तिथे धावायला नको होतं का? मला इतका आनंद झाला, तो चुकीचा होता का?"

प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण दुसऱ्या कुणीतरी किंमत मोजली आणि त्यातून जे सुंदर झालं, त्याचा आनंद आपण घ्यावा का? मला चटकन उत्तर देता आलं नाही.

एक मन म्हणतं, घ्यावा की. पाण्याने काय पाप केलं? सकाळचं ऊन, धुकं, पाखरं ही कुणाच्या मालकीची नाहीत. दुसरं मन म्हणतं, आजीच्या परसवावर उभं राहून फोटो काढताना काहीच वाटू नये, हे कसं?

मग मी आपल्या घराकडे पाहिलं. काळी नदीवरच्या धरणांची वीज आपणच वापरतो ना? आमचा फ्रीज, मिक्सर, सत्संगाच्या खोलीतले पंखे, हे पत्र टाईप करते तो मोबाईल. किंमत दुसऱ्याने मोजली म्हणून आनंद सोडायचा, तर आधी घरातले दिवे बंद करायला लागतील. ते मी करणार नाही, तुम्हीही करणार नाही. मग धावणाऱ्या पोरालाच तेवढं दोषी का ठरवायचं? शिवाय तो तिथे धावला नाही म्हणून सुपा गाव काही वर येणार नाही.

तेव्हा मला वाटतं, आनंद घेण्यात दोष नाही. दोष आहे तो फुकट मिळालं असं समजून घेण्यात. आपल्याकडे ऋण हा शब्द फार विचार करून ठेवलाय. माणूस जन्मतो तोच देवऋण, ऋषिऋण, पितृऋण घेऊन. ऋण आहे म्हणून कुणी जगायचं थांबत नाही, पण ऋण आहे हे विसरायचंही नाही.

धावणं आपल्या परंपरेला काही नवीन नाही. माउलींच्या पालखीत वेळापूरजवळ धावा असतो, उतारावरून वारकरी धावत सुटतात. रिंगणात अश्व धावतो, पताकावाले धावतात, तुळस डोक्यावर घेतलेल्या बायाही धावतात. तिथे पहिला कोण आला हे कुणी विचारत नाही. आमच्या इथे माघात उळवीच्या जत्रेला चन्नबसवण्णांच्या समाधीच्या दर्शनाला धारवाड-बेळगावकडची माणसं बैलगाडीने आणि पायी ह्याच रानातून येतात. वाट तीच, डोंगर तेच. फरक पायांत नाही, जाणिवेत आहे. ज्या रस्त्याला पुतण्या 'रूट' म्हणतो, तो इथल्या कुणबी पोरांचा शाळेचा रस्ता आहे आणि मोळी घेऊन येणाऱ्या बाईचा घरचा रस्ता आहे. कानात इयरफोन घालून आपण तिच्या बाजूने निघून गेलो तर ती आपल्या फोटोतलं एक झाड होऊन जाते.

पण उपदेश करताना स्वतःचंही सांगायला हवं. मागच्या वर्षी आपल्या काही कुटुंबांची सहल ह्याच पाण्याच्या काठी नेली होती. जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. स्पीकर लावला, भजनं म्हटली, छान झालं. निघताना मात्र प्लास्टिकच्या प्लेटी आणि ग्लास तिथेच एका झुडपामागे राहिले. "नंतर कुणीतरी उचलेल" असं मीच म्हणाले होते. पोराने निदान पाणी तरी डोळे भरून पाहिलं होतं!

तिसऱ्या दिवशी आम्ही सासूबाईंना गाडीत घालून तिकडे नेलं. किती वर्षांनी गेल्या असतील. मला वाटलं रडतील, पण नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून डोंगर ओळखत राहिल्या. "हा डोंगर आमच्या दारातून दिसायचा. बाजार त्या अंगाला. संगम तिथं." पाणी सगळीकडे सारखंच होतं, पण त्या बोट दाखवायच्या तिथे गाव दिसायला लागायचं. पुतण्या नातवासारखा हात धरून ऐकत होता. मी पिशवी घेऊन ते झुडूप शोधून आले. वर्ष झालं तरी ग्लास तसेच होते.

नंतर तो थोडं धावला. आल्यावर मोबाईल काढला. आधीच्या दिवशी त्याने त्या वाटेला 'लेक व्ह्यू' असं नाव दिलं होतं. ते पुसून 'जुनं सुपा' लिहिलं आणि आजीला दाखवलं.

सासूबाई म्हणाल्या, "नाव लिहून पाणी उतरतं का रे?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण असू दे. लिहिलंस ते राहू दे."

आता सुट्ट्यांत आपण सगळेच कुठे कुठे जाऊ. डोंगरावर, धरणावर, समुद्रावर. मजा जरूर करा, धावा, पोरांनाही धावू द्या. फक्त तिथलं एक जुनं नाव विचारून घ्या, वाटेत भेटेल त्याला नमस्कार करा आणि नेलेलं सगळं परत आणा. आणि घरात कुणी वडीलधारं असेल तर आजच विचारा, "तुमचं गाव कुठलं, तिथे आता काय आहे?" उत्तर ग्रुपवर जरूर लिहा.

आपली,
एक सेवेकरी भगिनी, रामनगर 🙏