रंगाखालचा सांधा

रविवारची मिस्सा संपते. मंडळी चर्चच्या आवारात थोडा वेळ रेंगाळतात. दहावी-बारावीचे निकाल नुकतेच लागलेले असतात, त्यामुळे चौकशीही त्याचीच. "तुमची मुलगी?" "इंजिनिअरिंगला." "अरे वा, अभिनंदन!" "आणि तुमचा मुलगा?" इथे आईचा किंवा बाबांचा आवाज जरा खाली येतो. "त्याला आयटीआयला घातलाय." विचारणारा क्षणभर थांबतो आणि धीर द्यावा तशा स्वरात म्हणतो, "असू दे, तेही चांगलंच असतं."

प्रिय धर्मग्रामस्थहो, या "असू दे" विषयी आज थोडे बोलावे असे आम्हाला वाटते. आजारी माणसाच्या घरच्यांशी बोलावे तसे आपण फिटर किंवा वेल्डर होऊ घातलेल्या मुलाच्या आईवडिलांशी का बोलतो? हा दोष आम्ही कुणा दुसऱ्याच्या माथी मारत नाही. आम्हीही अनेकदा असेच बोललो आहोत.

प्रथम हे मूल तिथे काय शिकते ते पाहू. स्वतंत्र भारतात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम, वेल्डर एक वर्षाचा. फिटरच्या मुलाला सुरुवातीला कोणतेही मोठे यंत्र हाती मिळत नाही. मिळतो तो लोखंडाचा एक तुकडा, एक व्हाइस आणि एक कानस. तुकडा सपाट आणि काटकोनात करायचा, एवढेच काम. ऐकायला सोपे वाटते. पण मुलगा दिवसचे दिवस कानस चालवत राहतो, हाताला फोड येतात आणि प्रत्येक वेळी कडा मध्ये फुगीर राहते. मग शिक्षक तुकड्यावर गुण्या ठेवतात आणि तो उजेडासमोर धरतात. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला, की काम परत.

त्या उजेडाशी वाद घालता येत नाही. परीक्षेत एखाद्या गुणासाठी विनवणी करता येते, मुलाखतीत ओळख सांगता येते. लोखंडाला ओळख कळत नाही. व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप घेता येते. माणसाच्या डोक्याचा केससुद्धा याच्या कितीतरी पट जाड असतो. माप चुकले तर चुकले. सोळा-सतरा वर्षांचे मूल रोज आपली चूक आपल्याच डोळ्यांनी पाहते, ती मान्य करते आणि पुन्हा कामाला लागते. आपल्यातल्या किती जणांना हे पन्नाशीतही जमते?

"पण ते हाताचे काम, डोक्याचे नाही," असे कुणी म्हणेल. लेथवर ४० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी दांडा चढवला आहे. मिनिटाला २५ मीटर या वेगाने तो कापायचा असेल, तर मिनिटाला किती फेरे ठेवायचे? १००० ला २५ ने गुणायचे आणि ४० गुणिले ३.१४ ने भागायचे. उत्तर सुमारे २०० येते. वेग फार वाढवला तर टूलची धार जळते, फार कमी ठेवला तर वेळ वाया जातो. दहावीला गणितात जेमतेम पास झालेला मुलगा हा हिशेब रोज करतो, आणि आता त्याला ठाऊक असते की हे गणित कशासाठी आहे. पुढे शिकायचे असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे वाट बंद झालेली नसते. तरीही आमचा मुद्दा पुढच्या पायरीचा नाही. जो आयुष्यभर वेल्डरच राहील, त्याच्याविषयी आम्ही बोलत आहोत.

इथे आपल्याच दफनभूमीच्या फाटकाची गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी ते नवे करून घेतले. तीन ठिकाणांहून दर मागवले आणि सर्वात कमी दराचे काम आम्ही घेतले. फाटक आले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केले. काळा रंग चकचकीत, सांधे गुळगुळीत. दोन पावसाळे गेले आणि एका सकाळी बिजागरीजवळचा सांधा सुटून फाटकाची एक झडप खाली आली. देवाची कृपा की त्या वेळी तिथे कुणी नव्हते. आपल्याच धर्मग्रामातील एक निवृत्त फिटर काका ते पाहायला आले. त्यांनी ग्राइंडरने दुसऱ्या एका सांध्यावरचा रंग उतरवला, थोडे खरवडले आणि म्हणाले, "वरची साय छान आहे, खालचं दूध नासलंय."

त्यांनी मग आम्हाला समजावून सांगितले. वेल्डिंग करताना रॉडचा धातू वितळतो. त्याबरोबर दोन्ही तुकड्यांच्या कडाही वितळायला हव्यात, तरच तिन्ही एकजीव होतात. गंज नीट साफ केला नाही, करंट कमी ठेवला किंवा हात घाईने पुढे नेला, तर वितळलेला धातू नुसता वर बसतो. मध्ये मळी अडकते, हवेची छिद्रे राहतात. वरून ग्राइंडर फिरवला आणि रंग मारला की चांगला सांधा आणि वाईट सांधा सारखेच दिसतात. त्या दिवशी फरक फक्त एकाच माणसाला ठाऊक असतो, ज्याने तो सांधा केला त्याला.

आपले फाटक पडले, कुणाला इजा झाली नाही. पण आपल्या कितीतरी घरांतली मुले जहाजांवर, आखातात, समुद्रातल्या तेलक्षेत्रांवर कामाला आहेत, आणि तिथे असाच एखादा सांधा माणसांचा जीव धरून असतो. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या तेलक्षेत्रात, 'अलेक्झांडर किलंड' नावाचे तरंगते निवासी व्यासपीठ वादळात उलटले. त्यावर तेलक्षेत्रातील २१२ कामगार होते, त्यांपैकी १२३ जण दगावले. चौकशीत कारण सापडले ते एवढेसे. व्यासपीठाच्या एका आडव्या नळीला पाण्याखालचे आवाज टिपणारे उपकरण बसवण्यासाठी एक आधार जोडला होता. त्या आधाराचे वेल्डिंग अवघे ६ मिलिमीटरचे होते. त्यावर कसलाच भार येणार नव्हता, म्हणून त्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. तिथे तडा गेला, लाटांच्या माऱ्याने तो वाढत गेला, नळी तुटली, मग एकामागून एक बाकीच्या नळ्या तुटल्या आणि व्यासपीठाचा एक पायच निखळला. तपासणाऱ्यांना त्या जुन्या तड्याच्या आत रंग आढळला. म्हणजे व्यासपीठ समुद्रात जाण्यापूर्वी, कारखान्यात रंग दिला तेव्हाच तडा तिथे होता. रंग त्याच्यावरून आणि त्याच्या आत गेला, आणि काम पुढे सरकले.

दोष एकट्या वेल्डरचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एक नळी तुटली तर भार पेलायला दुसरे काही नव्हते, हा आराखड्याचा दोष. तडा नजरेतून सुटला, हा तपासणीचा दोष. पण म्हणूनच आम्ही आमच्या फाटकाविषयीही नव्याने विचार केला. ज्याने तो कच्चा सांधा केला, तो मुलगा कदाचित कुठेच शिकलेला नसेल. कदाचित त्याला दिवसाला ठरावीक नग पुरे करायचे असतील. आम्ही दर विचारला. काम कोण करणार, तो शिकला आहे का, त्याला किती मिळणार, हे आम्ही विचारले नाही. कमी दरात चांगले काम मिळावे ही आमची इच्छा होती, आणि ते कसे शक्य होते हे आम्हाला जाणून घ्यायचे नव्हते. त्या रंगात थोडा रंग आमचाही होता.

जे कुणाला दिसणार नाही तेही नीट करणे, याला आपण सदसद्विवेक म्हणतो. प्रवचनांतून, धर्मशिक्षणाच्या वर्गांतून तो आपण मुलांना शब्दांनी शिकवतो. चांगल्या कार्यशाळेत तो हातांना शिकवला जातो. मग त्या शाळेत जाणाऱ्या मुलाचे नाव घेताना आपला आवाज का पडतो?

याचे उत्तर अवघड आहे, तरी प्रामाणिकपणे द्यायला हवे. हाताने काम करणारा खालचा आणि न करणारा वरचा, ही उतरंड आपल्याला शुभवर्तमानातून मिळालेली नाही. ती या मातीतल्या जातिव्यवस्थेतून आली आहे आणि आपण बाप्तिस्म्याच्या पाण्यानंतरही ती घरात ठेवून घेतली आहे. नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशू बोलू लागला तेव्हा गावकऱ्यांनी नेमके हेच केले. हा तर सुतार, याला हे ज्ञान कुठून, असे म्हणून ते नाराज झाले. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेत संत योसेफाच्या व्यवसायासाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थ नुसता सुतार नव्हे, तर हातांनी वस्तू घडवणारा कारागीर असाही होतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्सरसेन्स' या परिपत्रकात सांगितले की कामाचे मोल ते करणाऱ्या माणसावरून ठरते, कामाच्या प्रकारावरून नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्वतः क्राकूवजवळ दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम केले होते.

मात्र श्रमाची थोरवी गाणे सोपे आहे, आणि तीही कधी कधी रंगासारखी वापरली जाते. "कष्टाला पर्याय नाही" असे मुलाला सांगायचे आणि काळ्या काचेशिवाय त्याला वेल्डिंगसमोर बसवायचे, रात्री त्याचे डोळे वाळू गेल्यासारखे खुपू लागले की "सवय होईल" म्हणायचे, प्रेसवरचे संरक्षक कवच काम भराभर व्हावे म्हणून काढून ठेवायचे, ही प्रतिष्ठा नव्हे. संत डॉन बॉस्को यांनी १८५३ साली ट्युरिन येथे गरीब मुलांसाठी जोडे आणि कपडे शिवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या, हे आपण ऐकून असतो. त्याआधी ते मुलांना शहरातल्या कारागिरांकडे कामाला ठेवत, आणि ठेवताना लेखी करार करीत. १८५२ सालच्या अशा एका करारावर डॉन बॉस्को यांची सही आहे. मालकाने मुलाला धंदा नीट शिकवावा, चूक झाल्यास शब्दांनी सुधारावे, मारू नये, धंद्याबाहेरची कामे त्याला लावू नयेत, सणाच्या दिवशी मोकळे सोडावे आणि ठरलेले वेतन द्यावे, असे त्यात आहे. आपल्या देशात शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ साली आला. त्यानुसार उमेदवार हा कामगार नसून शिकणारा आहे. तो स्वस्तातला मदतनीस नाही. वसई पूर्वेच्या गोखिवरे, वालीव, सातिवली परिसरात कितीतरी लहान-मोठे कारखाने आहेत. ज्यांचे स्वतःचे युनिट आहे अशा धर्मग्रामस्थांना आमची विनंती आहे, की डॉन बॉस्कोंचा हा करार एकदा मनात ठेवून आपल्या शेडमधून फेरी मारावी.

आणि पालकांना एक विनंती. कमी गुण मिळाले म्हणून मुलाला आयटीआयला "घालू" नका. तो त्या मुलाचाही अपमान आहे आणि त्या विद्येचाही. घरातला पंप बिघडला की कोण आधी स्पॅनर शोधते? सायकल खोलून पुन्हा जोडण्यात कोणाला वेळेचे भान राहत नाही? त्या मुलाला विचारा. त्या मुलीलाही विचारा. लेथला आणि वेल्डिंगच्या रॉडला धरणारा हात मुलाचा की मुलीचा हे कळत नाही. 'पाचारण' हा शब्द आपण धर्मगुरू आणि धर्मभगिनींसाठी राखून ठेवला आहे. दर वर्षी त्यांच्या पाचारणासाठी आपण प्रार्थना करतो, ती करावीच. पण ज्याच्या हातात धातू एकजीव होतो, त्यालाही कुणीतरी हाक मारलेली असते.

श्रमिक संत योसेफाचा सण १ मे रोजी येतो. पोप बारावे पायस यांनी तो १९५५ साली सुरू केला. त्या दिवशी आपण हार घालतो, गीते गातो. यंदा त्याबरोबर आणखी एक करता येईल. आवारात कुणी "मुलगा आयटीआयला आहे" म्हणाले, तर धीर देऊ नये. "कोणता ट्रेड?" असे विचारावे, आणि उत्तर नीट ऐकून घ्यावे.

दफनभूमीचे फाटक त्या फिटर काकांनी दुरुस्त केले. प्रत्येक सांधा खरवडून, गंज काढून पुन्हा भरला. चार दिवस लागले. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला, पण त्यांच्या हाताखाली आयटीआयची दोन मुले होती, त्यांना मात्र ठरलेली मजुरी द्यायला लावली. रंग देण्यापूर्वी त्यांनी आम्हाला बोलावले आणि म्हणाले, "आधी बघून घ्या, मग झाकू."