पंचेंद्रियांची साक्ष

आपल्या मंडळ्यांतील तरुण-तरुणींना लिहिते करावे या हेतूने ठिकठिकाणी लेखन-शिबिरे भरविली जातात, हे वाचकांना ठाऊक आहेच. या शिबिरांतला पहिला धडा बहुधा एकच असतो : नुसते सांगू नका, वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे करा. घर गरीब होते असे लिहून थांबू नका. गळक्या कौलांखाली मांडलेली भांडी लिहा, त्या भांड्यांत पडणाऱ्या थेंबांचा आवाज लिहा, ओल्या लाकडांच्या धुराचा वास लिहा. धडा चांगला आहे आणि मीही तो अनेक वर्षे देत आलो आहे. परंतु एका वयोवृद्ध, भाविक गृहस्थांनी त्यावर एक शंका काढली. ते म्हणाले, "इंद्रियांना आवर घाला असे आपण शब्बाथशाळेत मुलांना सांगतो, आणि लेखनाच्या वर्गात तीच इंद्रिये अधिक तीक्ष्ण करा असे शिकवितो. हे कसे काय?"

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्या मुळाशी एक खरा नैतिक प्रश्न आहे : जिवंत, इंद्रियगोचर वर्णन करणे हे सत्याची सेवा करणे आहे, की वाचकाला भुलविणे आहे?

योहानाचे पहिले पत्र उघडून पाहा. पत्राचा आरंभच इंद्रियांच्या साक्षीने होतो. जीवनाच्या शब्दाविषयी आपण जे सांगत आहोत ते कानांनी ऐकलेले, डोळ्यांनी न्याहाळलेले आणि हातांना लागलेले आहे, असे लेखक ठामपणे म्हणतो. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र तो डोळ्यांच्या वासनेपासून सावध राहण्याचा इशारा देतो. लेखक एक, पत्र एक, डोळेही तेच. पण पहिल्या अध्यायात ते साक्षीदार आहेत आणि दुसऱ्यात ते आरोपी आहेत. या दोहोंतला भेद कशात आहे? मला वाटते, तो भेद असा : वासनेचा डोळा जे पाहतो ते स्वतःसाठी घेतो, साक्षीचा डोळा जे पाहतो ते दुसऱ्याला देतो. तरुण लेखकांना वर्णन शिकविताना हा एकच भेद त्यांच्या मनावर बिंबला, तरी पुष्कळ झाले.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, पवित्र शास्त्राची भाषा देहाला लाजणारी नाही. भाषांतराचे काम करणाऱ्याला हे पदोपदी जाणवते. इब्री भाषेत 'गौरव' या अर्थाचा 'काबोद' हा शब्द 'जड असणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. आपला 'गौरव' हा शब्दही 'गुरू', म्हणजे जड, यापासूनच आला आहे. देवाचे गौरव म्हणजे केवळ प्रकाश नव्हे, तर माणसाला जाणवणारे वजन, हे दोन्ही भाषांनी आपापल्या परीने ओळखले. इब्रीत 'नाक' आणि 'राग' यांना एकच शब्द आहे. ज्याचा राग सावकाश चढतो तो 'लांब नाकाचा'. शुभवर्तमानांत लोकसमुदायाला पाहून प्रभूला जे वाटले, त्यासाठी वापरलेले ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आले आहे. मराठीत त्यासाठी 'कळवळा' हा शब्द आहे, आणि तो किती नेमका आहे! पोटात कळ उठल्यावर माणूस कळवळतो. दया हा विचार होण्याआधी ती पोटात होते, हे आपल्या आजीबाईंना ग्रीक न शिकताही ठाऊक होते.

अशा शब्दांवरून हजारो ओठ फिरले की ते नाण्यांसारखे गुळगुळीत होतात. 'कृपा', 'आशीर्वाद', 'प्रीती', 'दुःख' हे शब्द तरुणांच्या निबंधांत ओळीने येतात. त्यांतला एकही खोटा नसतो आणि एकही वाचकाला लागत नाही. त्यांना पुन्हा धार आणायची, तर त्यांच्या खालचा अनुभव पुन्हा हाताने चाचपावा लागतो.

शुभवर्तमानकारांनी हेच केले, आणि तेही अतिशय काटकसरीने. पाच हजारांना जेवू घालण्याच्या प्रसंगी लोक हिरव्या गवतावर बसले, असे मार्क लिहितो. वादळात प्रभू निजला होता एवढेच न सांगता त्याच्या डोक्याखाली उशी होती, हेही तो सांगतो. याइराच्या मुलीला उठविताना प्रभूच्या तोंडून निघालेले अरामी शब्द तो तसेच ठेवतो. आईबापांनी जो आवाज ऐकला तो वाचकाच्याही कानी पडावा, असे जणू त्याला वाटत असावे. योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजराच्या कबरेपाशी मार्था दुर्गंधीची भीती बोलून दाखविते, आणि बाराव्या अध्यायात तिच्याच बहिणीने ओतलेल्या जटामांसीच्या तेलाचा सुगंध घरभर भरतो. कुटुंब तेच, मधे फक्त एक अध्याय. मृत्यूकडून जीवनाकडे झालेला तो प्रवास योहान वाचकाच्या नाकापर्यंत पोहोचवितो.

आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द साऱ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. पहिला विस्तव महायाजकाच्या अंगणातला. तेथे शेकत असता पेत्र प्रभूला नाकारतो. दुसरा तिबिर्य समुद्राच्या काठचा. त्यावर मासळी भाजलेली असते आणि त्याच्याजवळ पेत्राला तीनदा प्रीतीविषयी विचारले जाते. पेत्राला तो पहिला विस्तव आठवला, असे योहान लिहीत नाही. तो विस्तव पेटवून ठेवतो आणि पुढचे वाचकावर सोपवितो. ज्या शिक्षकाला वर्णनाचे सामर्थ्य शिकवायचे आहे, त्याला याहून चांगला पाठ मिळणे कठीण.

आता तरुणांच्या लेखनाकडे वळू. आपली मराठी कुटुंबे आज महाराष्ट्राबाहेरही दूरवर पसरली आहेत. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेंगळूरु येथे वाढलेली मुले घरी मराठी बोलतात, पण मराठी वर्णने मात्र क्रमिक पुस्तकांतून उसनी घेतात. ज्याच्या गल्लीत प्राजक्त नाही तोही प्राजक्ताचा सडा लिहितो. ज्याने कधी मोट पाहिली नाही तोही मोटेची कुरकुर लिहितो. हा दोष भाषेचा नाही, सचोटीचा आहे. जे माझ्या नाकाने हुंगले नाही त्याचा सुगंध मी वाचकाला कसा देऊ? अशा मुलाला एवढेच सांगावे : तुझ्या खिडकीखाली जे आहे तेच लिही. तेथे दक्षिणेतली फिल्टर कॉफी असेल, बसचा भोंगा असेल, शेजारच्या घरातून येणारी परभाषा असेल. ते मराठीत आण. त्याने मराठी बाटत नाही, उलट तिचे अंगण मोठे होते.

या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांचा आदर्श आपल्या घरातलाच आहे. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या या बाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि मराठी गद्याचा एक मानदंड ठरली. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक असो वा संसारातली ओढाताण असो, त्या विशेषणांची रास घालीत नाहीत. वस्तू, माणसे आणि बोलणी जशी होती तशी पुढे ठेवतात. त्यांच्या लेखणीला पांडित्याचा आधार नव्हता. आधार होता तो नीट पाहण्याचा आणि पाहिलेले न फिरविण्याचा.

परंतु येथवर आलो म्हणजे वृद्ध गृहस्थांच्या शंकेचे निरसन झाले, असे नाही. जिवंत वर्णन म्हणजे सत्य वर्णन, हे समीकरण चुकीचे आहे. उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातील आंधळ्या इसहाकाची खोली आठवा. रिबकेने त्याच्या एकेका इंद्रियासाठी पुरावा तयार केला होता : जिभेसाठी रुचकर मांस, नाकासाठी एसावाच्या वस्त्रांचा रानातला वास, बोटांसाठी करडांच्या केसाळ कातड्यांचा स्पर्श. केवळ कानांनी खरे सांगितले, आणि तीन साक्षी एकीकडे पडताच म्हाताऱ्याने कानांचे ऐकले नाही. पुढे सदतिसाव्या अध्यायात त्याच याकोबापुढे त्याचे मुलगे बकऱ्याच्या रक्तात भिजविलेला योसेफाचा झगा आणून ठेवतात. हा आम्हांला सापडला, तुमच्या मुलाचा आहे की नाही ते ओळखा, एवढेच ते म्हणतात. बाप स्वतःच निष्कर्ष काढतो आणि आक्रोश करतो. करडाच्या कातड्याने ज्याने बापाला फसविले, तो बकऱ्याच्या रक्ताने फसला. तपशील जितका बोलका, तितकी फसवणूक पक्की.

वाचकहो, हा केवळ प्राचीन इतिहास नव्हे. आपल्या सभांतून आणि मासिकांतून साक्षी दिल्या जातात. "जरा वेधक करून लिही," असे आपण तरुणाला सांगतो, आणि तो प्रामाणिक हेतूनेच, जी रात्र नव्हती ती रात्र आणि जो पाऊस नव्हता तो पाऊस आपल्या साक्षीत घालतो. वाचक म्हणतो, "इतके बारकावे आहेत, म्हणजे खरेच असणार." त्या क्षणी देवाच्या नावाने करडाचे कातडे हातावर चढलेले असते. देवाने केलेले काम आहे तेवढे पुरेसे नाही, असेच आपण त्या मुलाला नकळत शिकवीत असतो.

मग कल्पिताला स्थानच नाही काय? आहे. नाथान संदेष्ट्याने दावीदाला सांगितलेली गोष्ट कल्पितच होती. गरीब माणसाची ती एकुलती एक मेंढी त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या प्याल्यातले पिई, त्याच्या उराशी निजे. उरीयासाठी बंद झालेले राजाचे अंतःकरण त्या मेंढीसाठी उघडले. याकोबाचे कातडे आणि नाथानाची मेंढी, दोन्ही रचलेलीच. मग फरक कोठे? याकोबाने पडदा तसाच ठेवला आणि आशीर्वाद खिशात घातला. नाथानाने पडदा स्वतःच्या हाताने दूर केला, आणि राजाचा रोष ओढवण्याचा धोका पत्करला. एकाने तपशील घेण्यासाठी वापरला, दुसऱ्याने देण्यासाठी. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. १८५७ साली आलेल्या त्या पुस्तकात विधवांचे हाल वर्णिले आहेत, ते वाचकाची करमणूक व्हावी म्हणून नव्हे, तर त्याने हातावर हात ठेवून बसू नये म्हणून. आपल्या भाषेतील कादंबरीचा आरंभ नाथानाच्या वाटेवर झाला, याचे मला समाधान वाटते.

सर्वांत कठीण प्रश्न पुढे आहे, तो दुसऱ्याच्या वेदनेचा. एका शिबिरात एका मुलीने आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीवर लिहिले होते. वर्णन इतके जिवंत होते की खोलीतला वास येत होता. वर्गाने वाहवा केली. तिला एवढेच विचारले, "हे आजीला वाचून दाखवशील का?" ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर तिने लेखातली जखम खोडली नाही. पण आजीचे बोलणे, तिची विनोद करण्याची खोड, केस विंचरून घेण्याचा तिचा हट्ट हे सारे तिने त्यात घातले. आधी लेखात एक दुखणे होते. आता त्यात आजी आली.

प्रभूने लाजराचा दाखला सांगताना त्याचे फोड सांगितले, ते चाटणारी कुत्री सांगितली. पण त्याने त्या भिकाऱ्याला नाव दिले. अब्राहाम वगळता प्रभूच्या दाखल्यांत नाव असलेले हे एकच पात्र आहे. श्रीमंताला नाव नाही. आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा असलेला फोन आहे आणि भुकेल्याचे चित्र क्षणात जगभर जाते. अशा वेळी तरुण लेखकाने स्वतःला विचारावे : मी या माणसाचे फोडच तेवढे दाखवितो आहे, की हा माणूसही? खरे नाव लपवावे लागले तर जरूर लपवावे. माणूस मात्र लपवू नये.

आणि काही ठिकाणी लेखणी थांबली पाहिजे. चारही शुभवर्तमाने वधस्तंभापाशी येतात, आणि खिळे ठोकण्याच्या क्षणाचे वर्णन एकही करीत नाही. त्याला वधस्तंभावर खिळले, एवढेच सांगून ते पुढे जातात. वर्णन करता येत नव्हते म्हणून नव्हे. त्याच पानांवर आंब आहे, वस्त्रांवर टाकलेल्या चिठ्ठ्या आहेत, बिनशिवणीचा झगा आहे. पण त्या वेदनेचा त्यांनी तमाशा होऊ दिला नाही. खिळ्यांच्या खुणांचा उल्लेख योहान करतो तो पुनरुत्थानानंतर, थोमाला त्यांची गरज पडते तेव्हा. ज्याला विश्वास ठेवणे जड जाते, त्याच्या बोटांसाठी तो तपशील राखून ठेवला होता.

तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांना उत्तर असे की, इंद्रियांना आवर घालणे आणि इंद्रियांना जागे करणे ही दोन वेगळी कामे नाहीत. आपल्या मुलांना अवश्य शिकवू या : नीट पाहा, नीट ऐका, वास ओळखा, हाताला काय लागले ते लक्षात ठेवा. त्याचबरोबर प्रत्येक तपशिलापाशी हेही विचारायला शिकवू या : हा मी खरोखर पाहिला काय? हा मी कोणासाठी लिहितो आहे? ज्याच्याविषयी लिहितो आहे त्याच्यासमोर हा वाचता येईल काय? या प्रश्नांनी कदाचित त्यांची पाने थोडी कमी भरतील. परंतु जे उरेल त्यावर वाचकाला विसंबता येईल, आणि साक्षीदाराकडून याहून अधिक कोणी मागत नाही.