यादी दिसली म्हणजे प्रत झाली?

फाइलींची यादी दिसली की प्रत झाली, हे तुला कोणी शिकवलं? ती फ्लॉपी कायप्रो टू संगणकाच्या ए ड्राइव्हमध्ये घाल, मागचं रीसेट दाब आणि मग माझ्याशी बोल. नाही ना सुरू होत? होणारच नाही. तू ‘पिप’ने फाइली तेवढ्या उचलल्यास. सीपी/एम ही कार्यप्रणाली काय फाइलीत राहते? तिची जागा डिस्कच्या पहिल्या ट्रॅकवर, यादीच्या बाहेर. तिथे पिपचा हात पोचत नाही, त्यासाठी ‘सिसजेन’ चालवावं लागतं. मॅन्युअल समोर पडलंय, पण तुला ते चहाचा कप ठेवायला लागतं!

आणि मूळ डिस्कच्या खाचेवर चिकटपट्टी का नव्हती? सव्वापाच इंची फ्लॉपीची कडेची खाच झाकली की तिच्यावर लिहिता येत नाही, एवढंही ठाऊक नाही? १९८२ सालचं यंत्र, त्याची एवढी एकच डिस्क. ए आणि बीची अदलाबदल झाली असती म्हणजे? अक्कल गहाण ठेवून बसला होतास?

पण खरा संताप आला तो दुसऱ्या प्रतीचा. ती तू पीसीच्या १.२ एमबी ड्राइव्हवर केलीस, तीही वापरलेल्या डिस्कवर. अरे, त्याचं हेड ८० ट्रॅकचं, अरुंद. त्याने नवं लिहिलं तरी कडेला जुन्याचे अवशेष उरतात. कायप्रोचं ४० ट्रॅकचं रुंद हेड नवं-जुनं एकदमच वाचतं आणि गोंधळतं. पीसीवर मात्र सगळं ठीक दिसतं, म्हणून स्वारी खूश! वर एचडी डिस्क वापरू का, असं विचारतोस. नाही. कायप्रोचं हेड तिच्यावर धड लिहूच शकत नाही. डबल डेन्सिटीचीच डिस्क घ्यायची.

घालण्याआधी डिस्कच्या खिडकीतून आत बघ. बुरशीचे ठिपके दिसले तर हात आवर. ती घाण हेडला लागली की पुढच्या चांगल्या डिस्कचीही वाट लावते.

प्रत बी ड्राइव्हमध्ये लिही, पिपला ‘व्ही’ लावून, म्हणजे लिहिलेलं ते पुन्हा वाचून ताडतं. मग सिसजेन. मग तीच प्रत ए ड्राइव्हमध्ये घालून यंत्र सुरू कर. दोन्ही ड्राइव्हची हेडं जुळत नसतील तर तिथेच उघडं पडेल.

अशी सुरू होणारी प्रत उद्या सकाळी टेबलावर हवी. त्यानंतर मूळ डिस्क माझ्या कपाटात जाईल आणि तू तिला हात लावायचा नाहीस.