काल निजला तोच का?

चंडीगडच्या सेक्टर 30 मधल्या सीएसआयओत, म्हणजे केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत, उपकरण सुरू केलं की आधी कॅलिब्रेशन बघायचं ही शिस्त. काल बरोबर मोजलं म्हणून आजही मोजेल, असं इथं कुणी धरून चालत नाही. मी मात्र सकाळी विम एडिटर कालच्या सेशन फाइलीसकट उघडतो आणि मी कालचाच आहे हे न तपासता कामाला लागतो.

डावीकडे प्रोग्राम, उजवीकडे हेडर फाइल, खाली नोंदी, कर्सर अर्धवट फंक्शनवर. सगळं जिथल्या तिथं. पण ती सेशन फाइल वाचून बघा, साधा मजकूर असतो. तिच्यात खिडक्या नाहीत, खिडक्या उभ्या करायच्या आज्ञा आहेत: ही फाइल उघड, खिडकी उभी दुभाग, इतकी रुंद कर, या ओळीवर जा. परत येते ती मांडणी, खिडक्या नव्याकोऱ्या. अनडूचा इतिहास तर तिच्यात नसतोच, तो वेगळा जपावा लागतो. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये हा भेद आणखी उघड आहे. तिथं चालू मांडणी जशीच्या तशी डिस्कवर लिहिता येत नाही, तिचं वर्णन तेवढं लिहिता येतं.

ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादात, हाच प्रश्न आहे: निजला तोच जीव उठतो, की दुसराच कुणी? भाष्यात शंकराचार्य आधी शंका मांडतात, की जलाशयात टाकलेला थेंब तोच परत कसा काढणार? मग पहिला पुरावा देतात: आदल्या दिवशी अर्धं राहिलेलं काम माणूस दुसऱ्या दिवशी पुरं करतो. दुसऱ्याचं काम कोण कशाला उचलेल?

इथं माझं आचार्यांशी जमत नाही. सरकारी प्रयोगशाळेत निम्मी नोकरी दुसऱ्याचं अर्धं काम उचलण्यातच जाते. माझी सेशन फाइल सहकाऱ्यानं उघडली तर त्यालाही हीच मांडणी मिळते, आणि तो फंक्शन पुरं करतोही. फक्त विचारतो, “सर, ये दोनों फाइलें साथ क्यों खोल रखी हैं?”

ते कारण फाइलीत नव्हतं, माझ्यापाशी होतं. म्हणूनच आचार्य लगेच स्मरणाचा पुरावा जोडत असावेत. बौद्ध पंडित यावर म्हणेल, कारणही टिप्पणीत लिहून ठेव, मग तुझं वेगळं काय उरलं? मी लिहून ठेवतोही. महिन्याभरानं ती टिप्पणी वाचली की कारण पटतं, पण ते मलाच सुचलं होतं हे काही केल्या आठवत नाही. त्या फाइलीपुरता मी सहकाऱ्याच्याच जागी असतो. झोपेपलीकडे ‘मी’ टिकतो हे मला मान्य आहे, पण काही फाइलींपुरता टिकतो, काहींपुरता नाही. असा तुकड्यातुकड्यांचा जीव आचार्यांना मुळीच चालला नसता.