दुसरा डाव

बायकोने ओवाळायचं आणि नवऱ्याने ताटात काहीतरी टाकायचं, एवढाच दिवाळीचा पाडवा आपल्याला ठाऊक. पंचांगात मात्र त्याच कार्तिक शुद्ध प्रतिपदेचं आणखी एक नाव आहे, द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी फासे टाकायला धर्माचीच मुभा.

हे मी डोंबिवलीतल्या एका व्याख्यानात उठून सांगायला हवं होतं. वक्ते म्हणत होते, ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, विषय मिटला. राहिला जुगारी. तो मुळात हावरट, संस्कारांत कमी पडलेला. दोन कानाखाली ठेवून दिल्या की सरळ होतो. टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो, म्हणून हा लेख.

बंदीचं कौतुक आपल्याला नवं नाही. जुगाराविरुद्धचा मुंबई इलाख्याचा कायदा १८८७चा. तो असतानाच १९६२मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला. (‘कल्याण मटका’ हे नाव या शेटजींचं. आमच्या कल्याण शहराने ती बदनामी फुकट वाहिली.) १९६९मध्ये तर सरकारनेच लॉटरी काढली. आणि जुलै २०२५मध्ये विधान परिषदेत कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसली. आपण फक्त जाहिरात बाजूला सारत होतो, असा त्यांचा खुलासा. पुढे त्यांचं खातं बदललं आणि वाट्याला आलं क्रीडा. यात माझ्या पदरचा विनोद काही नाही.

आता ‘हावरट’ या शब्दाकडे वळतो. धर्मराज हावरट होता का? सभापर्वात सगळ्यांना आठवतो तो पहिला डाव. राज्य गेलं, भाऊ गेले, द्रौपदी पणाला लागली. मला छळतो तो दुसरा. द्रौपदीने वर मागून पतींना सोडवलं, धृतराष्ट्राने राज्य परत केलं, सगळी पाटी कोरी झाली. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले, बरंच अंतर गेले, आणि मागून निरोप आला, पुन्हा खेळायला या. धर्मराज मागे फिरला. काय होणार ते त्याला कळत होतं, तरी फिरला. हावरट माणूस मिळालेलं घेऊन घर गाठतो. जुगारी कोण, हे दुसऱ्या डावाला समजतं.

बरं, एवढं भोगून वनवासात हा बृहदश्व ऋषींकडून काय शिकला? अक्षविद्या. आणि अज्ञातवासात विराटाकडे कंक होऊन राहिला तो फासे खेळणारा म्हणूनच. ‘आमचा खेळ कौशल्याचा आहे’ म्हणणाऱ्या कंपन्यांनी त्याचा फोटो लावायला हरकत नव्हती. सर्वोच्च न्यायालयानेही १९६७मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला होता. त्या निकालाला दोष कसा देऊ? आमच्या लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून कर्जत ते सीएसटी रमी चालायची. त्यात कौशल्य होतं, आणि स्टेशन आलं की पत्ते गोळा व्हायचे.

इथे मात्र मला दोन पावलं मागे यावं लागतं. बंदीला मी वर हसलो. पण मटक्यात ओपन आणि क्लोज यांच्यामध्ये वाट पाहावी लागे; माणूस जेवायला तरी घरी जाई. मोबाइलमधल्या खेळाला स्टेशन येत नाही. कधी मिळेल ते सांगायचं नाही, पण अधूनमधून द्यायचं, ही त्याची घडणच आहे. तेव्हा दुकान बंद करणारा कायदा हवाच. वक्त्यांचं एवढं मला मान्य.

पण गिऱ्हाइकाचं काय? दारुड्याचं तोंड वास मारतं. हा तर सगळ्यांसारखाच मान खाली घालून डब्यात बसलेला. ओळखायचा कसा? पगार तीन तारखेला संपतो. फोन पालथा ठेवला जातो. मित्रांकडून उसने घेण्याची कारणं दर खेपेला वेगळी. खेळ थांबवला की चिडचिड, झोप उडते. आणि घालवलेलं भरून काढण्यासाठीच पुन्हा खेळणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत हा विकार पूर्वी चोरीच्या आणि आग लावण्याच्या अनावर ऊर्मीशेजारी असे. २०२२पासून लागू झालेल्या यादीत तो दारूच्या व्यसनाशेजारी आहे. त्यावर उपचार आहेत. विचारांची ढब बदलणारी मानसोपचार पद्धत, सोबतचं नैराश्य असेल तर औषधं, आणि पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती. घरच्यांनी एफडी मोडून गुपचूप कर्ज फेडणं मात्र उपचारात बसत नाही. ते धृतराष्ट्राने केलंच होतं. आणि देण्यांखाली दबलेला माणूस जगण्याला कंटाळल्याचं बोलू लागला, तर त्याला त्या दिवशी एकटं सोडायचं नाही.

व्याख्यानानंतर फडके रोडवर एका बाईंनी मला गाठलं. मुलाचं कर्ज गेल्या वर्षी फेडलं, आता परत सुरू झालंय. मी चिठ्ठीवर १४४१६ लिहून दिलं. टेलि-मानस, सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. खाली ठाण्याच्या आयपीएचचं नाव घातलं, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये उभी केलेली मानसिक आरोग्याची संस्था. ठाणे हा शब्द वाचून बाई थबकल्या. १९०१पासून तिथे मनोरुग्णालय आहे, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ ही आपल्याकडची जुनी थट्टा.

“तिकडे ठेवून तर घेणार नाहीत ना त्याला?” त्यांनी विचारलं.

“नाही हो. आधी फोनवरच बोलायचंय, मराठीतच. तो नाही म्हणाला तर तुम्ही बोला.”

त्यांनी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली, मग परत काढून नंबर मोठ्याने वाचला.