दुरुस्तीची निष्ठा कोणाशीं?

जुनी वस्तु दुरुस्त करणाऱ्यानें कोणाशीं इमान राखावें, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा वाटतो. परंतु गेल्या पावसाळ्यांत तो आमच्यापुढें जसा उभा राहिला, त्यावरून तो नीतिशास्त्राचाच आहे अशी आमची खात्री झाली.

आमचे एक वृद्ध स्नेही तरुणपणीं शिक्षणासाठीं बोस्टनला होते. परततांना त्यांनीं लाउडस्पीकरांची एक जोडी बरोबर आणली. एडगर व्हिल्चर व हेन्री क्लॉस यांनीं १९५४ सालीं मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें जी कंपनी काढली, तिची ही कृति; नांव एआर-३ए, बाजारांत आली १९६७ सालीं. प्रत्येक पेटींत तीन स्पीकर: खर्जासाठीं बारा इंची वूफर, मधल्या स्वरांसाठीं दीड इंची घुमट व तारस्वरांसाठीं पाऊण इंची ट्वीटर. कोणता स्वर कोणाकडे जावा याची वांटणी करणाऱ्या विद्युन्मंडलास क्रॉसओव्हर म्हणतात. सुमारें ५७५ हर्ट्झच्या खालचें वूफरकडे, ५००० च्या वरचें ट्वीटरकडे, उरलेलें मधल्याकडे. साधनें तरी किती साधीं! तारेच्या गुंडाळ्या आणि ६, ५० व १५० मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर. गुंडाळी उंच स्वरांना अडविते, कपॅसिटर खालच्यांना.

गुंडाळी सहसा म्हातारी होत नाहीं, कपॅसिटर होतो. स्नेह्यांच्या जोडींत ते इलेक्ट्रोलायटिक जातीचे होते. या जातींत आंतला द्रव वर्षानुवर्षें सुकत जातो, अंतर्गत रोध वाढतो, आणि ट्वीटरला पोंचणारा प्रवाह क्षीण होत जातो. हें इतकें सावकाश घडतें कीं घरच्या माणसांना त्याचा पत्ता नसतो. रोज पाहणाऱ्यास मुलाची वाढ दिसत नाहीं, तसेंच हें.

आम्ही महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवितों. पण सोल्डर करण्याचा नाद आम्हांस विद्यार्थिदशेपासून आहे. तेव्हां वूफर उतरवून, आंतील काचतंतूंचा कापूस उपसून आम्हीं जुने कपॅसिटर काढले आणि प्लॅस्टिक फिल्मचे नवे बसविले. येथें एक मौज आहे. नव्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध जवळजवळ शून्य असतो; जुन्याचा, तो कोरा होता तेव्हांही, थोडासा असेच. म्हणून कित्येक जाणकार नव्यासोबत अर्धा-एक ओहमचा एक लहानसा रेझिस्टर जोडतात. निर्दोष वस्तु आणावयाची आणि जुन्याचा दोष मुद्दाम तिच्या शेजारीं बसवावयाचा! तरीही यांत अप्रामाणिकपणा नाहीं. कर्त्यानें तो दोष हिशेबांत धरूनच आपला ध्वनि जुळविला होता. आम्हींही तसेंच केलें, आणि काय काय बदललें तें तारखेसह एका कागदावर लिहून तो पेटीच्या आंत चिकटविला.

स्नेह्यांनीं मल्लिकार्जुन मन्सूरांची एक जुनी रेकॉर्ड लावली. तानपुऱ्याची जवारी अगदीं ओळखूं येण्याइतकी खुलली होती. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “प्रोफेसर, फार स्वच्छ झालें आहे हो. पण हें आमचें नव्हे. हिनें हें कधीं ऐकलें नव्हतें.” त्यांची पत्नी जाऊन चार वर्षें झालीं आहेत.

घरीं आल्यावर आम्हांस जो मोह झाला तो सांगितला पाहिजे. तीन ओहमचा, अवघ्या कांहीं रुपयांचा रेझिस्टर आंत बसविला असता तर ट्वीटर पुन्हा मंदावला असता. स्नेह्यांना त्यांचा ध्वनि मिळाला असता, आणि दुरुस्ती झाल्याचें समाधानही. दोन दिवस तो रेझिस्टर आमच्या खिशांत होता.

प्लूटार्कनें थीसिअसच्या जहाजाचा जो प्रश्न नोंदविला आहे, तो आम्ही दरवर्षीं वर्गांत शिकवितों: एकेक फळी बदलली तर जहाज तेंच कां? पण या वेळीं तो निरुपयोगी ठरला. पेटी तीच आहे कीं नाहीं याची कोणासच फिकीर नव्हती. स्वतः व्हिल्चरलाही नसती. १९६० च्या सुमारास त्याच्या कंपनीनें फाइन आर्ट्स क्वार्टेटला रंगमंचावर बसवून प्रत्यक्ष वादन व ध्वनिमुद्रित वादन यांची आलटून पालटून जाहीर तुलना करविली. कोणतें कधीं चालू आहे हें पुष्कळ श्रोत्यांना ओळखतां आलें नाहीं. त्याची निष्ठा व्हायोलिनशीं होती, स्वतःच्या पेटीशीं नव्हे. ‘मूळचें कांहीं हलवूं नका’ म्हणून मेलेले कपॅसिटर जपणारे शौकीन, आमच्या मतें, त्या माणसाचा अपमानच करतात. स्नेह्यांची निष्ठा मात्र चाळीस वर्षांच्या संध्याकाळांशीं होती. ती चूक आहे असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं, अजूनही होत नाहीं. पण त्यांच्या वतीनें, त्यांना न सांगतां, आम्हीं निवड करावी हा अधिकार आम्हांस कोणीं दिला होता? लपविलेला रेझिस्टर म्हणजे धातूंत केलेली थापच.

मग आठवण झाली ती पेटीच्या मागल्या दोन बटणांची. मधला स्वर व तारस्वर ऐकणाऱ्यानें आपल्या खोलीप्रमाणें व रुचीप्रमाणें कमीजास्त करावा, म्हणून कर्त्यानेंच तीं ठेवलेलीं. या जातींत त्यांचे संपर्क गंजतात. आम्हीं ते घांसून साफ केले होते, आणि तरीही आम्हांस तीं सुचलीं नव्हतीं!

दुसऱ्या दिवशीं जाऊन आम्हीं स्नेह्यांना सर्व सांगितलें, खिशांतल्या रेझिस्टरसह. ते हंसले. भिंतीपासून पेटी थोडी ओढून, वांकून, त्यांनीं स्वतः तें बटण बरेंच खालीं फिरविलें आणि रेकॉर्डची तीच बाजू पुन्हा लावली. काढलेले कपॅसिटर आम्हीं त्यांना परत दिले. ते रेकॉर्डांच्या कपाटांत एका पिशवींत आहेत. बटण सध्यां कोठें आहे, तें आम्हीं विचारलेलें नाहीं.